पेशीविभाजन शिकवताना अ‍ॅनिमेशन आधी की काचपट्टी आधी?

आपला प्रश्न मला असा समजला. ऐरोलीच्या शाळेत आपण दहावीला विज्ञान शिकवता आणि वर्गात नुकताच डिजिटल फळा बसला आहे. सूत्री विभाजनाचे, म्हणजे एका पेशीपासून दोन सारख्या पेशी होण्याच्या प्रक्रियेचे, अ‍ॅनिमेशन मुले मन लावून पाहतात. परंतु चाचणीत मध्यावस्था (गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात) आणि पश्चावस्था (ती दुभंगून दोन टोकांकडे जातात) यांची अदलाबदल करतात, आणि अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे ज्यातून निम्म्या गुणसूत्रांच्या पेशी होतात त्या विभाजनात, कोणत्या टप्प्यावर किती गुणसूत्रे असतात हे जवळजवळ कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात चोवीस वर्षे, आधी शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात, जीवशास्त्र शिकवीत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे की, नवे अ‍ॅप घेण्याची गरज नाही. जे अ‍ॅनिमेशन आपण पहिल्या तासाला दाखवता ते शेवटच्या तासाला दाखवा, आणि त्याआधीची साधने अशी निवडा की प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी ठरवावे लागेल.

अ‍ॅनिमेशनमध्ये सर्व काही आधीच ठरलेले असते. चार अवस्था, चार दृश्ये, प्रत्येक दृश्याला साधारण सारखा वेळ, आणि पडद्यावर एकच पेशी. त्यामुळे विभाजन म्हणजे एकामागून एक लागणारी चार चित्रे, असा समज मुलांच्या मनात घट्ट बसतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही असेच शिकवीत असे. प्रात्यक्षिकाच्या वहीत कांद्याच्या पेशीला दोन टोकांना तारककेंद्रे (प्राणिपेशीच्या विभाजनात दोन टोकांना दिसणारे ठिपके) काढलेली पाहिली, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. वनस्पतिपेशीत तारककेंद्रे नसतात. परंतु मी दाखवलेले अ‍ॅनिमेशन प्राणिपेशीचे होते आणि मुलांनी डोळ्यांपुढच्या काचपट्टीऐवजी पडद्यावरची पेशी काढली होती. परीकल विभाजनाचेही, म्हणजे शेवटी पेशीद्रव्य दोन भागांत वाटले जाण्याचेही, तेच झाले: प्राणिपेशी मधोमध आक्रसून तुटते, तर वनस्पतिपेशीत मध्यभागी पेशीपट्टी तयार होऊन ती बाहेरच्या बाजूने वाढत जाते, हा फरक बहुतेकांच्या आकृतीतून नाहीसा झाला होता.

म्हणून सुरुवात काचपट्टीपासून करा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून आलेला कोणताही साधा कांदा चालतो. तळाची जुनी वाळलेली मुळे खरवडून काढावीत आणि कांद्याचा तळ जेमतेम पाण्याला टेकेल असा तो पेल्यावर ठेवावा. तीन-चार दिवसांत दोन-तीन सेंटिमीटरची पांढरी मुळे येतात. त्यांची टोके सकाळी कापून, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवावीत, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून अ‍ॅसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणाने रंगवावीत. आम्लाचे आणि स्पिरिटच्या दिव्याचे काम दहावीच्या मुलांकडे देऊ नये, ते शिक्षकानेच करावे. हे जमण्यासारखे नसेल, तर तयार काचपट्टी विकत मिळते आणि ती अनेक वर्षे टिकते.

डिजिटल साधनाचा खरा उपयोग येथे सुरू होतो. सूक्ष्मदर्शी एक आणि मुले साठ, अशी आपल्याकडच्या बहुतेक वर्गांची स्थिती असते. पाळीपाळीने डोकावणाऱ्या मुलाला वीस सेकंद मिळतात आणि त्याने नेमके काय पाहिले हे शिक्षकाला कधीच कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेपासून (डोळा लावायच्या भिंगापासून) सेंटिमीटरभर अंतरावर धरला की तेच दृश्य सर्वांना दाखवता येते. हात हलतो, म्हणून जाड पुठ्ठ्याची नळी करून ती रबरबँडने नेत्रिकेवर बसवावी. मोबाइलचा झूम वापरू नये. चाळीस पटीच्या भिंगाने आणि दहा पटीच्या नेत्रिकेने मिळणारे ४०० पट वर्धन पुरेसे असते. काचपट्टी थोडीथोडी सरकवत पंधरा-वीस फोटो काढावेत. शाळेत मुलांना मोबाइल आणण्याची परवानगी नसते, त्यामुळे हे फोटो शिक्षकाच्याच मोबाइलवर काढून फळ्यावर घ्यावेत. इंटरनेट लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

आता या फोटोंतील एकेक पेशी कापून वेगळी करा, त्यांचा क्रम विस्कटून टाका आणि गटागटांना तो लावायला सांगा. अवस्थांची नावे त्या वेळी सांगू नका. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञापुढे हेच कोडे होते. सॅलॅमँडरच्या अळीच्या मोठ्या पेशी रंगवून त्याने त्यांची चित्रे काढली, त्यांचा क्रम लावला आणि १८८२ साली या प्रक्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव दिले. ‘मिटोस’ म्हणजे ग्रीक भाषेत सूत, धागा. आपला ‘सूत्री विभाजन’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे, आणि हे मुलांना अवश्य सांगावे, कारण धाग्यासारखे काहीतरी दिसते म्हणून हे नाव पडले, हे कळल्यावर ते नाव पाठ करावे लागत नाही. पूर्व, मध्य, पश्च, अंत्य ही मराठी नावे तर क्रम सांगूनच येतात. आपली बरीच मुले अकरावीला विज्ञान शाखा इंग्रजीतून शिकतात. म्हणून मेटाफेज, अ‍ॅनाफेज हे शब्द मी त्याच तासाला शेजारी लिहून ठेवतो, परंतु क्रम लावून झाल्यानंतरच.

यानंतर मोजणी, आणि सर्वांत जास्त वेळ मी येथे देतो. मुले विचारतात की पश्चावस्थेतील पेशी सापडतच का नाही. याचे उत्तर मी ठाणे स्थानकाच्या उदाहरणाने देतो. संध्याकाळी पुलावरून फलाटाचा एक फोटो घेतला, तर गाडीची वाट पाहणारी माणसे शेकडो दिसतात आणि डब्याच्या दारात पाय टाकणारी मोजकीच. कारण वाट पाहण्यात दहा मिनिटे जातात आणि चढण्यात काही सेकंद. काचपट्टी म्हणजे असाच एक फोटो आहे. ज्या अवस्थेला वेळ जास्त, त्या अवस्थेतील पेशी जास्त. समजा, गटाने ४०० पेशी मोजल्या आणि त्यांपैकी ३२ विभाजनात आढळल्या: २० पूर्वावस्थेत, ५ मध्यावस्थेत, २ पश्चावस्थेत, ५ अंत्यावस्थेत. पेशीचक्र (एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा काळ) २० तासांचे, म्हणजे १२०० मिनिटांचे धरले, तर प्रत्येक पेशीमागे ३ मिनिटे येतात. पूर्वावस्था सुमारे तासाभराची आणि पश्चावस्था अवघ्या ६ मिनिटांची ठरते. हा हिशेब ढोबळ आहे, आणि सर्व पेशी एकाच वेळी विभाजित होत नाहीत या गृहीतकावर तो उभा आहे, हेही मुलांना सांगावे. सगळ्या गटांचे आकडे एका स्प्रेडशीटमध्ये भरले की एका गटाची चूक बाकीच्यांच्या बेरजेत सावरली जाते. ४०० पैकी उरलेल्या ३६८ पेशी ‘काहीच करत नाहीत’ असे कोणीतरी म्हणतोच. तेथून मध्यंतर अवस्था (दोन विभाजनांमधला काळ) आणि डीएनएचे दुप्पट होणे यांकडे आपोआप वळता येते.

मध्यावस्था आणि पश्चावस्था यांच्या गोंधळावर मला टिचबटणांचा उपाय सर्वांत उपयोगी पडला आहे. लोकरीचे सारख्या रंगाचे दोन तुकडे घेऊन एकावर टिचबटणाचा एक भाग आणि दुसऱ्यावर त्याचा जोडीदार शिवावा. बटण लावले की दोन अर्धगुणसूत्रांचे (गुणसूत्राच्या दोन सारख्या धाग्यांचे) एक गुणसूत्र तयार होते आणि बटण म्हणजे गुणसूत्रबिंदू, ते धागे जोडणारी जागा. अशी चार गुणसूत्रे कागदावर मांडून, शिक्षकाचा मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर स्थिर ठेवून, मुलांनी दर हालचालीला एक फोटो घ्यावा आणि ते फोटो जोडून स्वतःचे अ‍ॅनिमेशन तयार करावे. पश्चावस्थेला पोचताना बटण उघडावेच लागते, आणि बटण उघडल्याशिवाय धागे ध्रुवांकडे, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडे, जात नाहीत, हे बोटांना कळते. कोणत्या अवस्थेला किती फोटो द्यायचे ते आधीच्या मोजणीवरून ठरवावे.

अर्धगुणसूत्री विभाजनासाठीही हेच साहित्य चालते, फक्त समजात जोडीसाठी (आईकडून एक आणि वडिलांकडून एक आलेल्या सारख्या गुणसूत्रांसाठी) दोन रंग घ्यावेत. पहिल्या विभाजनात बटणे उघडायची नाहीत, रंग वेगळे करायचे. दुसऱ्या विभाजनात बटणे उघडायची. संख्येसाठी एकच नियम द्यावा: बटणांच्या जागा मोजा, म्हणजे गुणसूत्रबिंदू मोजा. मानवी पेशीसाठी स्प्रेडशीटमध्ये गुणसूत्रे आणि अर्धगुणसूत्रे असे दोन स्तंभ करावेत. डीएनए दुप्पट झाल्यावर गुणसूत्रे ४६ आणि अर्धगुणसूत्रे ९२. सूत्री विभाजनाच्या पश्चावस्थेत बिंदू वेगळे झाल्याने पेशीत काही काळ ९२ गुणसूत्रे, आणि शेवटी प्रत्येक जन्यपेशीत ४६. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीनंतर प्रत्येक पेशीत गुणसूत्रे २३ पण अर्धगुणसूत्रे अजून ४६. दुसऱ्या फेरीनंतर २३ गुणसूत्रे, प्रत्येकी एकाच धाग्याची. दोन्ही स्तंभांचा आलेख काढला की दोन रेषा वेगवेगळ्या ठिकाणी चढतात आणि उतरतात. तो आलेख मुलांनी स्वतः काढलेला असला पाहिजे. तयार आलेख दाखवून हा गोंधळ सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू, शिकवताना सदाफुलीचा उल्लेख जरूर करावा. आपल्या परिसरातील कित्येक गॅलऱ्यांत हे झाड असते. त्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तुर्कतंतू तयार होऊ देत नाही, पेशी मध्यावस्थेतच अडकते, आणि म्हणूनच ते मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, हे नवी मुंबईतील मुलांना सहसा माहीत असते. तेथे पेशीविभाजनाचा अभ्यास का होत असेल, हा प्रश्न वर्गात टाकून पाहा.

शेवटच्या तासाला आपले अ‍ॅनिमेशन लावा, पण आवाज बंद ठेवून, आणि निवेदन मुलांकडून करून घ्या. त्यात कोणती अवस्था जास्त लांबवली आहे आणि पेशी प्राण्याची आहे की वनस्पतीची, हे त्यांनीच सांगावे. या शुक्रवारी कांदे पाण्यावर ठेवलेत, तर मंगळवारी सकाळी टोके कापता येतील आणि बुधवारच्या तासाला काचपट्टी तयार असेल. दोनऐवजी पाच-सहा कांदे ठेवा, कारण एखाद-दोन कांदे मुळे धरत नाहीत.