सातपुड्याचं फोटोबुक करतोय ना भो, मग हे वाच

भो, फोटो चांगलेच आहेत तुझे, फक्त घाई नको करू. पहिले सगळे पोस्टकार्ड साइझमध्ये स्वस्तात काढ अन् फरशीवर मांड, मोबाईलवर सरकवत बसलास तर क्रम लागतच नाही. तोरणमाळचं पावसाळी धुकं ढीगभर आहे तुझ्याकडे, पण होळीच्या टायमाचा पळस अन् उन्हाळ्यातला करपलेला डोंगर कुठंय? त्याच्याशिवाय सातपुडा अर्धाच दिसतो.

१२ बाय ८ इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायचं म्हणजे ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात, क्रॉप करून कमी झालं तर तो फोटो लहान लाव. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर अस्तंब्याचं शिखर बरोबर शिवणीत जातं, म्हणून ते आधीच बाजूला सरकव. स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवून मगच एडिट कर नाहीतर छापल्यावर सगळ्या दऱ्या काळ्याठिक्कर, आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, ज्या कागदावर पुस्तक येणार त्याच कागदावर माग, हे तर ऐकच.

आता फोटोसाठी इकडं खान्देशात यायचं तर राहायचं कुठं. पुण्यातून दर सुट्टीत येऊन हे पुस्तक होईलही, पण पहाटेचा उजेड तुझी सुट्टी बघून येत नाही ना. माझं मत तोरणमाळच्या बाजूचं शहादा, वर्षभर भाड्याने राहून बघ, लगेच प्लॉट घेऊ नको. पाटणादेवीकडे जास्त ओढा असेल तर चाळीसगाव बरं, पण ते डोंगर सातपुड्याचे नाहीत, अजिंठा-सातमाळ्याचे आहेत; रेल्वेपण आहे. फक्त घरच्यांना मे महिन्यातच घर दाखव, डिसेंबरात सगळ्यांनाच खान्देश आवडतो.