एकाच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव येतंय, कंट्रोलरवर सिंक्रोनाइज्ड लावू का?

नका लावू. निदान आत्ता तरी नको. (सिंक्रोनाइज्ड म्हणजे जावातलं कुलूप: एका वेळी एकालाच आत सोडतं.)

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरचं अ‍ॅप आहे. रिक्वेस्ट आली की ग्राहकाची माहिती कंट्रोलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या क्लासच्या) 'चालू ग्राहक' या फील्डमध्ये भरली जाते आणि पावती बनवणारी मेथड ती तिथूनच उचलते. लॅपटॉपवर कधीच काही बिघडलं नाही. लाइव्ह गेल्यापासून मात्र दिवसातून दोन-तीनदा एकाच्या पावतीवर दुसऱ्याचं नाव छापलं जातंय.

वेगळं काही सांगितलं नाही तर स्प्रिंग कंट्रोलरचा एकच ऑब्जेक्ट बनवतं. आणि बूटसोबत येणारा टॉमकॅट हा वेब सर्व्हर डीफॉल्ट सेटिंगवर 200 थ्रेडपर्यंत जातो, म्हणजे एका वेळी तितक्या रिक्वेस्ट हाताळतो. म्हणजे 200 कारकून आणि सगळ्यांत मिळून एकच पाटी. एकाने पाटीवर नाव लिहिलं आणि डेटाबेसकडून रक्कम यायची वाट बघत बसला. तेवढ्यात दुसऱ्याने ते पुसून आपल्या गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं. पहिल्याने मग पाटीवर जे दिसलं ते पावतीवर उतरवलं. लॅपटॉपवर तुम्ही एकटेच क्लिक करत होतात, त्यामुळे पाटीला दुसरा हात लागलाच नाही.

हे काही स्प्रिंगने नव्याने आणलेलं नाही. सर्व्हलेट, म्हणजे जावात वेब रिक्वेस्ट हाताळणारा मूळ प्रकार, तोही असाच चालतो: ऑब्जेक्ट एक, थ्रेड अनेक. त्यातून सुटायला 'सिंगलथ्रेडमॉडेल' नावाची एक पळवाट ठेवली होती, पण सर्व्हलेट 2.4 मध्ये ती डेप्रिकेट झाली, म्हणजे 'यापुढे वापरू नका' असं ठरलं. कारण सेशन आणि स्टॅटिक व्हेरिएबल तरीही सामायिकच राहत होती.

आता सिंक्रोनाइज्डचं. नुसत्या गेटर-सेटरवर लावलंत तर काहीच फरक पडणार नाही, कारण घोळ होतो तो लिहिणं आणि वाचणं यांच्या मधल्या वेळात, आणि तेव्हा कुलूप उघडंच असतं. पूर्ण मेथडवर लावलंत तर नावं बरोबर येतील, पण डेटाबेसला अर्धा सेकंद लागत असेल तर सेकंदाला दोनच पावत्या निघतील आणि बाकीचे थ्रेड रांगेत ताटकळतील. रोग रेड्याला अन् औषध पखालीला.

ग्राहकाची माहिती मुळात सामायिक करायची गरजच नव्हती. ते फील्ड काढून टाका, ग्राहक लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या आणि पुढच्या मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. लोकल व्हेरिएबल प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर असतं, दुसऱ्याचा हात तिथे पोचत नाही. कंट्रोलरमध्ये रिपॉझिटरी, सर्व्हिस अशी कन्स्ट्रक्टरमधून आलेली फायनल फील्ड खुशाल राहू द्या. पण रिक्वेस्टागणिक बदलणारं काहीही तिथे नको.

मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. पहिल्या नोकरीत 'सिंपलडेटफॉरमॅट'चा एक स्टॅटिक ऑब्जेक्ट करून ठेवला होता, दर वेळी नवा कशाला बनवायचा म्हणून. लॉगमध्ये अधूनमधून 'मल्टिपल पॉइंट्स' असा विचित्र एक्सेप्शन यायचा आणि आम्ही तो खराब डेटाच्या माथी मारायचो. खरा त्रास ज्यांत एक्सेप्शन आलाच नाही अशा नोंदींनी दिला: तारीख दिसायला व्यवस्थित, फक्त भलत्याच माणसाची. हा क्लास पार्स करताना आपल्याच आतल्या कॅलेंडरवर खरडतो, हे तेव्हा गावीही नव्हतं. जावा 8 पासून 'डेटटाइमफॉरमॅटर' आहे, तो बदलतच नाही, म्हणून बिनधास्त सामायिक ठेवता येतो.

कोणी 'थ्रेडलोकल वापरा' (प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी किंमत ठेवणारं व्हेरिएबल) असं सुचवेल. वापरा, पण फायनली ब्लॉकमध्ये रिमूव्ह करायला विसरू नका. टॉमकॅट तोच थ्रेड पुढच्या रिक्वेस्टला देतो, आणि आधीच्या ग्राहकाचं नाव त्यात राहिलेलं असलं तर तुमचा हाच बग पुन्हा हजर, या वेळी शोधायला आणखी अवघड.

काही गोष्टी मात्र खरोखरच सामायिक असतात. कॅशसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारा डेटा मेमरीत ठेवायला, साधा हॅशमॅप (की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) नको. जावा 7 पर्यंत दोन थ्रेडनी एकदम तो वाढवला तर आतल्या यादीचं वर्तुळ व्हायचं आणि साधं गेट करणारा थ्रेडही सीपीयू खात गोल गोल फिरत राहायचा. आता ते वर्तुळ होत नसलं तरी नोंदी गहाळ होऊ शकतात. 'कंकरंटहॅशमॅप' घ्या, आणि 'आहे का बघ, नसेल तर टाक' हे दोन ओळींत न लिहिता 'कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंट'ने एका फटक्यात करा. नुसता मोजणारा आकडा असेल तर 'अ‍ॅटॉमिकलाँग' पुरतो. साधं प्लस-प्लस म्हणजे वाचा, वाढवा, परत लिहा अशा तीन पायऱ्या, आणि मध्ये कोणीही घुसू शकतं.

शिल्लक माल, जागा, पैसे यांचा हिशेब मेमरीत ठेवूच नका. उद्या लोड वाढला म्हणून दुसरा सर्व्हर जोडलात की पहिल्या सर्व्हरच्या जेव्हीएममधलं (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या इंजिनमधलं) कुलूप दुसऱ्याला दिसतही नाही. एकाच अपडेट क्वेरीत 'शिल्लक एकने कमी कर, पण शून्याहून जास्त असेल तरच' असं लिहा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर माल संपला.

दुरुस्तीआधी बग एकदा डोळ्यांनी बघून घ्या. फील्ड भरणं आणि वाचणं यांच्या मध्ये पाच सेकंदांचा स्लीप टाका, दोन ब्राउझरमध्ये वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करा आणि पाठोपाठ पावती काढा. लगेच दिसेल. दुरुस्तीनंतर तोच प्रयोग पुन्हा करा, आणि स्लीप काढायला विसरू नका (मी एकदा विसरलोय).

आणखी एक: ते चुकीचं नाव फक्त स्क्रीनवर आलं की डेटाबेसमध्येही सेव्ह झालं? पावतीचा ग्राहक आणि ऑर्डरचा ग्राहक जुळत नाहीत अशा नोंदी लाइव्ह गेल्या दिवसापासून आजच काढा. कोड बदलला तरी त्या आपोआप सुधारणार नाहीत.