पेवातली ज्वारी हवा खाते तेव्हा

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा, होतं. तोंडावरची फरशी काढली की आजोबा दिवसभर कुणाला आत उतरू देत नसत. मग दोरीनं कंदील सोडून बघत. विझला तर आणखी थांबत. आत ज्वारीशिवाय काही नसताना विषारी हवा येते कुठून? आणि कंदील तेवत राहिला तर बिनधास्त उतरावं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ती हवा मुख्यतः ज्वारीच्याच संगतीत तयार होते. खळ्यावरून आलेला दाणा वाळलेला असतो, मेलेला नव्हे. त्यातल्या अंकुराच्या पेशी जिवंत असतात, आणि जिवंत राहायचं म्हणजे थोडी का होईना ऊर्जा लागतेच.

ही ऊर्जा मुळात उन्हाची. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या जोरावर पाणी व कार्बन डायऑक्साइड यांची साखर बनते. हुरडा गोड लागतो तो यामुळेच. साखर कणसात उतरलेली असते, पण तिचा पुरता स्टार्च झालेला नसतो. थोडे दिवस उशीर करा, तोच दाणा पिठूळ लागतो. खाणाऱ्याची निराशा होते, पण दाण्याच्या दृष्टीनं हेच बरं. साखर विरघळते आणि पेशीत पाणी ओढून घेते. स्टार्च गुपचूप पडून राहतो. पक्व ज्वारीच्या वजनात साधारण ७० टक्के तोच असतो.

पण स्टार्च पेशीला जसाच्या तसा वापरता येत नाही. त्याची पुन्हा साखर होते, साखरेचे तुकडे होऊन ते तंतुकणिकांत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा काढणाऱ्या इवल्या कप्प्यांत, जातात. तिथे त्यांच्यातले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्यानं पुढे सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन आतल्या पडद्यापलीकडे ढकलले जातात. ते परत येतात एका प्रथिनातून, आणि येताना त्याचा मधला भाग अक्षरशः गरगर फिरवतात. दर फेऱ्याला एटीपीचे, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारी ऊर्जा बाळगणाऱ्या पदार्थाचे, तीन रेणू हातात. हे प्रोटॉनचं प्रकरण ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. १९७८ मध्ये त्यासाठीच त्यांना नोबेल मिळालं.

एटीपीला पाठ्यपुस्तकं ‘ऊर्जेचं चलन’ म्हणतात. ठीक आहे, पण हे चलन गाठीला बांधून ठेवता येत नाही. तुमच्या-माझ्या अंगात कोणत्याही क्षणी ते शंभरेक ग्रॅमच्या आतच असतं. मात्र दिवसभरात इतक्यांदा मोडतं आणि जुळतं की बेरीज आपल्या वजनाच्या घरात जाते. साठा करायचा तो स्टार्चचा नाहीतर चरबीचा.

आता पेवाकडे या. वरच्या सगळ्या खटाटोपात ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. खडखडीत वाळलेला दाणा हे अगदी सावकाश करतो. पण जमिनीची ओल पेवाच्या कडेला लावलेल्या कडब्यातून आत शिरली की दाणा, बुरशी आणि किडे तिघंही जोरात सुरू होतात. वरून फरशी, तीही मातीनं लिंपलेली. हवा बदलणार कशी? गंमत अशी की याच कोंडलेल्या हवेत किडे गुदमरतात, म्हणून तर पेवातलं धान्य टिकायचं. कडेची ज्वारी मात्र पिवळी पडून वास मारायची. त्या भाकरीचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

कंदिलाचं म्हणाल तर आजोबा शहाणे होते, पण कंदील अर्धंच सांगतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. पण ज्योत तेवत असतानाही कार्बन डायऑक्साइड माणसाला घेरी आणण्याइतका वाढलेला असू शकतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी बसतो. म्हणून आधी पंख्यानं ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोघं उभे ठेवा. आतला माणूस कोसळला तर दोरानं ओढा, मागोमाग कुणी उडी घेऊ नका. अशा अपघातांत दुसरा बळी बहुधा वाचवायला गेलेल्याचाच असतो. आणि हीच युक्ती गोबरगॅसच्या टाकीला लावू नका. तिथे मिथेन असतो, कंदिलानं भडका उडेल.