तारीख सगळ्यात शेवटी

ऐरोली

प्रिय मित्रा,

टॉमकॅट (जावाची वेब अॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) ९ वरून १०.१ वर न्यायचं काम तुझ्याकडे आलंय आणि वरून पहिली विचारणा तारखेची झालीय. इतक्यात तारीख देऊ नकोस. त्या सर्व्हरला आजवर कायकाय चिकटलंय, ते आधी उकरून काढ.

कोडचं म्हणशील तर, टॉमकॅट १० पासून जावॅक्स डॉट सर्व्हलेट या पॅकेजचं नाव जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. म्हणून सरसकट फाइंड-रिप्लेस मारू नकोस. जावॅक्स डॉट एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो ही जेडीकेची, म्हणजे जावाच्या मूळ संचाची स्वतःची पॅकेजेस आहेत. ती तशीच राहतात. आपल्या कोडमधल्या चुका कंपायलर ओरडून सांगेल, तयार जार (दुसऱ्यांच्या कोडच्या बांधलेल्या फाइली) मात्र गप्प बसतात. लिब फोल्डरमधल्या प्रत्येक जारमध्ये जुनं नाव शोध. ज्या जारचा कर्ताधर्ताच उरला नाही, त्याच्यासाठी टॉमकॅटवाल्यांचं मायग्रेशन टूल आहे. ते बाइटकोडमधली, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधली नावं बदलून देतं. अॅप्लिकेशन स्प्रिंग ५ या फ्रेमवर्कवर असेल तर ६ घ्यावं लागेल, आणि त्याला किमान जावा १७ लागतं.

म्हणजे एका नावाखाली तीन अपग्रेड आले. ते एकाच रात्री उरकायचा मोह सगळ्यांना होतो. तू जावा १७ आधी जुन्या टॉमकॅट ९ वरच चढव, ते व्यवस्थित चालतं. स्प्रिंग ५.३ च्या खाली असेल तर तेवढं आधी ५.३ वर आण. महिनाअखेरीचा एक भार त्यावर जाऊ दे. पुढे काही मोडलं तर कुणामुळे मोडलं ते कळेल. जावा ८ वरून येताना जॅक्सबी (एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी) जेडीकेतून गेलेलं असतं, ते वेगळं जोडावं लागतं. सर्व्हर सुरू करतानाच्या सेटिंग्जच्या सेटएनव्ह फाइलमध्ये जुन्या सीएमएस गार्बेज कलेक्टरचा (मेमरी साफ करणाऱ्याचा) फ्लॅग राहिला असेल, तर जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, 'अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन' एवढं म्हणून उठतच नाही.

खरा घात सर्टिफिकेटं करतात. जुन्या जेडीकेच्या सीएसर्ट्स फाइलमध्ये (कुणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा त्या यादीत) कुणीतरी कधीतरी बँकेचं नाहीतर अंतर्गत एलडॅपचं (युजरांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरचं) सर्टिफिकेट टाकून ठेवलेलं असतं आणि त्याची नोंद कुठेच नसते. नव्या जेडीकेला त्याचा पत्ता नाही. सर्व्हर उठतो, लॉगिन पान दिसतं, मॉनिटरिंग हिरवंगार. आणि पहिली पेमेंट फाइल जाताना 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड', म्हणजे समोरच्याच्या सर्टिफिकेटवर विश्वास नाही. जेडीकेतल्या कीटूलने दोन्हीकडची यादी काढ, क्रमाने लाव आणि डिफ (फरक) बघ. दहा मिनिटांचं काम आहे. टीएलएस १.० आणि १.१ (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्या) हेही एप्रिल २०२१ च्या जावा अपडेटपासून मुळातच बंद असतात. समोरची यंत्रणा जुनी असेल तर त्यांना आजच मेल टाक, कारण ते काम आपल्या हातात नाही.

जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल (टॉमकॅटच्या सेटिंग्जची फाइल) उचलून नव्यात टाकू नकोस. नवी कोरी घे आणि आपले बदल एकेक करून आण. कनेक्टरवर थेट लिहिलेली एसएसएलची सेटिंग्ज आता त्याच्या आतल्या एसएसएलहोस्टकॉन्फिगमध्ये जातात. टॉमकॅटच्या पुढे अपाची वेब सर्व्हर असेल आणि दोघांत बोलायला एजेपी वापरत असाल, तर दोन्हीकडे सीक्रेट (परवलीचा शब्द) सारखं हवं, नाहीतर ४०३ (प्रवेश नाकारला) येतो. सर्व्हिसची फाइल नव्याने लिहिताना लँग (भाषेचं) सेटिंग राहून गेलं, तर रिपोर्टमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. चाचणीत एक 'ज्ञानेश्वर' ठेवच.

आता परतीचं, म्हणजे बिघडलं तर जुन्यावर येण्याचं. कॅटलिना होम (टॉमकॅटचा प्रोग्रॅम) आणि कॅटलिना बेस (आपली सेटिंग्ज नि अॅप्लिकेशन) वेगळे ठेव, जुनं-नवं शेजारी शेजारी असू दे, म्हणजे मागे येणं एका सिमलिंकवर (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यावर) येतं. डेटाबेसमधला कॉलम काढणं किंवा नाव बदलणं या रिलीजमध्ये घेऊच नकोस. तिथे सिमलिंक कामाची नाही. तालमीत परतीला ४० मिनिटं लागली आणि सकाळी ६ ला वापर सुरू होणार असेल, तर पुढे जायचं की मागे, याचा निर्णय पहाटे ४ लाच व्हायला हवा, म्हणजे परत येताना काही अडलं तरी हातात वेळ राहतो. ती वेळ आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव योजनेत लिहून ठेव.

एवढं झालं की कॅलेंडर उघड. फायनान्सचं अॅप्लिकेशन असेल तर ७ (टीडीएस), ११ आणि २० (जीएसटी) या तारखांच्या आसपास जाऊ नकोस. शनिवारची रात्र धरलीस तर ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक आहे का ते बघ. रविवारी ठाणे-वाशी गाड्या बंद असल्या की सकाळच्या पाळीचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ठाणे स्टेशनात अडकतो, आणि रात्रभर जागलेला माणूस महापेच्या ऑफिसात त्याची वाट बघत बसतो. डीबीएला शनिवारी रात्रीच बोलावून घे.

तुझा,
जुना सहकारी