हळदीचं पाऊल

प्रश्न : मी शिपाई, सध्या लडाखमध्ये. मुलगी ४ महिन्यांची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही. चौकीवरून फोन आठवड्यातून एकदा लागतो, तोही तुटक. गस्तीवरून आलो तरी झोप लागत नाही. कुणाला सांगायची लाज वाटते. काय करू?
– एक जवान, सातारा जिल्हा

उत्तर : बाळा, लाज कसली? मराठा लाइट इन्फंट्रीत मी २४ वर्षं काढली, सुभेदार होऊन घरी आलो. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या महिन्यात पांघरुणात तोंड घालून रडलोय. शेजारच्या खाटेवरचाही रडत होता.

थोरला झाला तेव्हा मी काश्मीरात. बायकोनं त्याचं पाऊल हळदीत बुडवून आंतर्देशीय पत्रावर उमटवलं आणि ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर पाठवलं. घड्यांवर विरेपर्यंत ते पत्र माझ्या खिशात होतं. सूनबाईंना सांग, असं काहीतरी पाठवा म्हणून. फोन लागत असला तरी तूही लिही. पत्रांवर नंबर घाल. आमची मागेपुढे पोचायची, घरी उगीच घोर लागायचा. नुसतं 'मी मजेत' लिहू नकोस. काय जेवलास, बर्फ किती पडलं, ते लिही.

रजेचं साहेबांशी आत्ताच बोल. बारसं हुकलं, उष्टावण तरी गाठ.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. सीनियर जेसीओंना, म्हणजे आपल्या ज्येष्ठ सुभेदारांना, सांग, पलटणीच्या डॉक्टरांना दाखव, याच आठवड्यात. आपल्या हातात शस्त्र असतं रे.