आधी खांद्याची शिवण बघा

प्रश्न : पर्वरीच्या एका कंपनीत नुकताच लागलोय. नियमांत फक्त 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलंय. कोट-टाय नको, टी-शर्टही नको. मग घालू काय? (म्हापसा)

कॉलरचा शर्ट, सुती पँट आणि बंद बूट. शर्ट एक पांढरा, एक फिकट निळा, एक बारीक चौकडीचा. पँट एक खाकी, एक गडद निळी. आठवडा आरामात निघतो.

पण रंगांपेक्षा मला मापाची काळजी जास्त वाटते. दुकानात शर्ट चढवलात की आरशात बघण्याआधी बोटांनी खांद्याची शिवण चाचपा. ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. दंडावर घसरली, तर शर्ट कितीही महागाचा असो, थोरल्या भावाचा घातल्यासारखा दिसतो. कंबरेत आत घेणं, बाही आखूड करणं ही शिंप्याची किरकोळ कामं. खांद्यासाठी मात्र अख्खी बाही उसवून पुन्हा लावावी लागते, आणि तरी बसेलच असं नाही. म्हणून खांद्यावर बसतो तोच शर्ट घ्या, बाकीचं शिंप्याकडून करून घ्या. लांब बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. शर्ट खोचणार नसाल तर त्याची कड पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यावर यावी. फार खाली लोंबणारा शर्ट खोचण्यासाठीच शिवलेला असतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. रोज फोंड्याहून पणजीला बसनं जाते. लिननचा कुर्ता बाणस्तारी येईपर्यंतच चुरगळतो. पॉलिस्टर घेऊ का?

नको हो. पॉलिस्टर घाम शोषत नाही, आणि आपल्या दमट हवेत तो अंगावरच चिकटून राहतो. लिनन जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. त्या धाग्याला लवचिकपणा कमी, म्हणून एकदा पडलेली घडी लवकर सुटत नाही. लिनन आणि सूत मिसळलेलं कापड घ्या, किंवा हातमागाचं जरा जाडसर सुती. कुर्ता पुरता वाळायच्या आत, ओलसर असतानाच इस्त्री करा. सुरकुती उठून दिसते ती एकरंगी कापडावर. चौकडीत ती हरवते.

चौकडीवरून आठवलं. आपली कुणबी साडीची तांबडी चौकडी कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या मंचावर मानानं नेली. तशा चौकडीचा कुर्ता आणि खाली साधी पांढरी सलवार, यात शाळेत किती प्रसन्न वाटेल! फक्त कापड शिवायला टाकण्याआधी एकदा भिजवून वाळवा. सुती आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर उंची गेलीच.

प्रश्न : पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी येते. (डिचोली)

कोरड्या फडक्यानं घराबाहेर पुसा, मग व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून त्यात भिजवलेल्या फडक्यानं. सावलीत वाळवून पॉलिश करा. ओले बूट चुलीपाशी किंवा उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच ठेवू नका. जून ते सप्टेंबर मी स्वतः चामडं बाहेरच काढत नाही, रबरी तळव्याचे कापडी बूट वापरते.

प्रश्न : पांढऱ्या शर्टाला काखेत पिवळे डाग पडतात. ब्लीच लावलं तर आणखी पिवळे झाले.

घाम रोखणाऱ्या डिओडोरंटमधलं ॲल्युमिनियम आणि घाम एकत्र आले की हे डाग पडतात. ब्लीच बंद करा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून डागावर अर्धा तास ठेवा, मग घासून धुवा. डिओडोरंट वाळल्यावरच शर्ट घाला.

प्रश्न : बाबा 68 वर्षांचे. पोट सुटलंय, तरी शर्ट खोचतात आणि पट्टा पोटाखाली घसरतो. त्यांना न दुखावता काय सुचवू? (मडगाव)

खालची कड सरळ आणि बाजूंना छोटे काप असलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट शिवून द्या. तो न खोचताच नीट दिसतो, पट्ट्याचा प्रश्नच उरत नाही. पँटला पुढे दोन चुण्या ठेवा, बसताना ओढ पडणार नाही. आणि शर्टाला छातीशी खिसा हवाच. चष्मा, पेन, बसचं तिकीट सगळं तिथंच ठेवायची या वयाच्या माणसांना सवय असते. खिसा नसेल तर बाबा तो शर्ट एकदा घालतील आणि कपाटात ठेवून देतील.