वाचक विचारतात : बर्फावरचा ‘सायक्लोन’

प्रश्न : ‘कोमागाटा मारू’ जहाजाबद्दल वाचताना कळलं, की १९१४ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्या जहाजाला सर्वांत आधी सामोरा गेलेला इमिग्रेशन अधिकारी आइस हॉकीतला नामवंत व्यावसायिक खेळाडू होता. दोघे एकच की नुसतं नावसाधर्म्य? आणि धंदेवाईक खेळाडू सरकारी नोकरीत कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एकच. फ्रेड टेलर, टोपणनाव ‘सायक्लोन’. नोकरीचा उलगडा मात्र हॉकीच्या हिशेबातच आहे.

त्या काळी कॅनडाच्या पूर्वेकडे मैदानाचा बर्फ नैसर्गिक असे. जानेवारीत तो पक्का व्हायचा, मार्चमध्ये भुसभुशीत व्हायचा. त्यामुळे सीझन जेमतेम अडीच महिन्यांचा आणि सामने दहाबारा. उरलेलं वर्ष काढायचं कशावर? टेलर १९०६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉटन गावच्या पोर्टेज लेक्स संघात गेला. तो संघ ज्या लीगमध्ये खेळे, ती उघडउघड व्यावसायिक होती, पण ती १९०७ मध्ये बंद पडली. मग ओटावा क्लबने त्याला सीझनचे ५०० डॉलर देऊ केले आणि जोडीला केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात महिना ३५ डॉलरची कारकुनी. पैशांपेक्षा या कारकुनीचंच वजन जास्त होतं. लीग बुडाली तरी खातं बुडत नाही!

पुढे १९०९-१० च्या सीझनला रेनफ्रू या छोट्या गावाच्या संघाने त्याला ५,२५० डॉलर दिले. मागे ओब्रायन घराण्याचा खाणीतला पैसा होता. बारा सामने धरले तर सामन्याला ४३७ डॉलर पडतात. त्याच सुमारास बेसबॉलचा टाय कॉब १५४ सामन्यांसाठी साडेसहा हजार घेत होता, म्हणजे सामन्याला ४२. पण पुढच्याच सीझनला लीगने अख्ख्या संघाच्या पगाराला पाच हजारांची मर्यादा घातली आणि १९११ मध्ये रेनफ्रू संघ मिटला. टेलरला खेळवण्याचे हक्क माँट्रियलच्या वाँडरर्सकडे गेले, पण ओटावातली नोकरी सोडायला तो राजी नव्हता. १९११-१२ चा जवळजवळ सगळा सीझन तो बाहेर बसला. त्यानंतर तो व्हँकुव्हरच्या संघात गेला आणि तिथेही इमिग्रेशनमध्येच राहिला.

म्हणून २३ मे १९१४ रोजी ३७६ प्रवासी घेऊन जहाज आलं तेव्हा तो कामावर होता. प्रवाशांत बहुतांश पंजाबी शीख होते. जन्मदेशातून थेट, न थांबता प्रवास केलेला असावा, या १९०८ च्या अटीवर त्यांना अडवलं गेलं. जहाज हाँगकाँगहून निघालं होतं, आणि भारतातून थेट बोट नव्हतीच. निर्णय टेलरच्या हातचा नव्हता, तिथल्या कार्यालयाचा प्रमुख माल्कम रीड होता. पण हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्यांत टेलर होता, हे लपवण्यासारखं नाही. पुढे तो ब्रिटिश कोलंबियाचा इमिग्रेशन कमिशनर झाला.

प्रश्न : टेलरचे ओटावाकडचे गोल सीझनला दहाच्या आतबाहेर, तर व्हँकुव्हरकडे १९१७-१८ मध्ये १८ सामन्यांत ३२. उतारवयात खेळ सुधारला का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : जागा बदलली. तेव्हा संघात सात जण असत. ओटावाला तो कव्हर पॉइंट होता. हे नाव क्रिकेटमुळे फसवतं, इथे मात्र तो बचावपटू. गोलीसमोर (म्हणजे गोलरक्षकासमोर) पॉइंट आणि पॉइंटच्या पुढे कव्हर पॉइंट. आजच्यासारखे दोघे शेजारी नाही, एकामागे एक. व्हँकुव्हरला तो रोव्हर झाला. रोव्हरला ठरलेली जागाच नसते. बचाव आणि चढाई दोन्ही त्याच्याकडे.

दुसरं कारण नियमाचं. पूर्वी पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) पुढे पास करता येत नसे, फक्त बाजूला किंवा मागे. तो स्वतः वाहून न्यावा लागे, म्हणून वेगाने स्केटिंग करणाऱ्याला सोन्याचा भाव. व्हँकुव्हर ज्यात खेळे त्या पश्चिमेच्या लीगमध्ये, ती चालवणाऱ्या पॅट्रिक बंधूंनी १९१३-१४ मध्ये बर्फावर निळ्या रेषा आखून मधल्या पट्ट्यात पुढचा पास खुला केला. टेलरचे असिस्ट (ज्यांवर सहकाऱ्याने गोल केला असे पास) त्याआधीच्या सीझनला १४ सामन्यांत ८ होते, ते १६ सामन्यांत १५ झाले आणि १९१४-१५ मध्ये तेवढ्याच सामन्यांत २२. त्याच वर्षी व्हँकुव्हरने ओटावाला ६-२, ८-३, १२-३ असं झोपवून हॉकीतला मानाचा स्टॅनले कप नेला.

आजच्या खेळाडूंशी तुलना करताना लोक हमखास दोन ठिकाणी चुकतात. एक, तो जवळपास साठही मिनिटं बर्फावर असे. आजचा खेळाडू पाऊणएक मिनिटाने बाकावर जातो. दुसरं, त्या लीगमध्ये संघ तीनचारच, तेव्हा तोच गोली पुन्हापुन्हा समोर यायचा.

प्रश्न : ओटावाच्या संपूर्ण संघातून उलटं स्केटिंग करत टेलरने गोल केला, हे खरं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संपूर्ण संघातून नाही. रेनफ्रूकडून ओटावाविरुद्ध खेळण्याआधी त्याने तशी बढाई मारली होती. ओटावातल्या सामन्यात काही जमलं नाही. नंतर रेनफ्रूच्या मैदानावर रेनफ्रूने १७-२ ने जिंकलेल्या सामन्यात तो थोडं अंतर पाठमोरा गेला आणि बॅकहँडने पक आत घातला. कव्हर पॉइंटला हे तसं नवखं नाही. अंगावर येणाऱ्याकडे तोंड ठेवून मागे सरकणं, हे त्याचं रोजचंच काम.